न झालेल्या फायनलचे रेफरी

रविवारी सकाळी जिन्यातून इस्त्रीचा वास आला नाही की मला अजूनही काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. नेदरलँड्समधल्या फेल्डहोवन गावातल्या या घरात आम्ही वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. तेव्हा खाली घरमालक राहायचे, काका आणि काकू. इथल्या तमाम मराठी मंडळींत ते नुसते काका होते आणि आसपासच्या गावांतल्या फुटबॉलवाल्यांत नुसते ‘रेफरी’. रविवारी सकाळी ते आपली काळी अर्धी चड्डी स्वतः इस्त्री करायचे. काकूंनाही हात लावू देत नसत. “घडी कडक पाहिजे,” म्हणायचे, “पोरं वाद घालायच्या आधी रेफरीची चड्डी बघतात.” आता ते दोघं कोल्हापूरला कायमचे परत गेलेत आणि खाली एक तरुण जोडपं राहायला आलंय. माणसं चांगली आहेत, पण इस्त्री करत नाहीत.

काका कोल्हापूरच्या पेठेतले. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. तिथं तालमींचे संघ असतात, पेठांची भांडणं असतात आणि सामना संपल्यावर रेफरीला कुठल्या दारानं बाहेर काढायचं याचा विचार सामना सुरू होण्याआधी करावा लागतो. काकांनी तिथं कॉलेजात असताना शिट्टी मारायला सुरुवात केली. मग इंजिनिअर झाले, चिपची यंत्रं बनवणाऱ्या इथल्या कंपनीत आले, आणि सोमवार ते शुक्रवार कंपनीचे, शनिवार-रविवार शिट्टीचे, अशी त्यांनी आयुष्याची सरळ वाटणी करून टाकली. “कोल्हापुरात शिट्टी मारायला छाती लागायची,” म्हणायचे. “इथं काय, नुसती सायकल लागती.”

पण इथली पोरं वेगळ्या जातीची. डच माणूस शिट्टी ऐकून चिडत नाही, तो चर्चा करतो. पुढे मला नोकरी लागल्यावर ऑफिसातही मी तेच पाहिलं. काका सगळं म्हणणं शांतपणे ऐकून घ्यायचे, डचमध्ये मान डोलवायचे आणि शेवटी शुद्ध कोल्हापुरीत म्हणायचे, “गप की.” त्या दोन शब्दांचा अर्थ कुणालाही ठाऊक नव्हता आणि सगळ्यांना बरोब्बर कळला होता. मी एकदा सुपरमार्केटच्या रांगेत एका सोनेरी केसांच्या आईला तिच्या रडणाऱ्या पोरावर “गप की” म्हणून खेकसताना ऐकलं आणि टोपलीसकट तिथंच उभी राहिले.

रेफरीपण त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की घरातही ते उतरायचं नाही. कुणाकडे जेवायला गेले तर कोपऱ्यातली खुर्ची धरायचे, जिथून सगळी खोली दिसते. रोज संध्याकाळी घरामागच्या सायकलरस्त्याच्या कडेनं ते उलटे चालायचे, कारण रेफरीला चेंडूकडे पाठ करता येत नाही. पाठमोरे चालत येणारे हे गृहस्थ येणाऱ्याजाणाऱ्याला हात करत, हवापाण्याच्या दोन गोष्टी बोलत जायचे. सुरुवातीला मला लाज वाटायची. नंतर मी त्यांच्या बरोबरीनं सुलटी चालायला लागले, म्हणजे त्यांना मागचे खड्डे सांगता येतील.

मंडळाच्या गणपतीत एकदा मोदकांच्या स्पर्धेचे परीक्षक म्हणून त्यांना बसवलं. त्यांनी सगळ्या बायकांचे मोदक गंभीर चेहऱ्यानं खाल्ले आणि उठून जाहीर केलं, “सामना बरोबरीत.” त्यात काकूंचेही मोदक होते. काकूंनी तो निकाल कधीच माफ केला नाही, पण निकाल बदलूनही घेता आला नाही. कारण काकांचं एक वाक्य होतं, “दिलं ते दिलं.” चुकीचं असलं तरी दिलेला निर्णय फिरवायचा नाही. सकाळी “आज पाऊस नाही” असं म्हणाले असतील, तर धो धो पावसात छत्री न घेता जातील.

मला सायकल त्यांनी शिकवली. मी नवऱ्यामागं या देशात आले तेव्हा मला ना भाषा येत होती, ना सायकल, ना दिवसभर काय करायचं ते ठाऊक होतं. नवरा कंपनीत गेला की मी खिडकीत बसून रडायचे. काकांना वरून नाक ओढल्याचं ऐकू गेलं असावं. एक दिवस ते काकूंची सायकल घेऊन दारात उभे राहिले. मी पहिल्याच वळणावर पडले आणि ते दोन्ही हात पुढं करून ओरडले, “चालू दे, चालू दे!” फाउल झाला तरी डाव पुढं जात असेल तर रेफरी खेळ थांबवत नाही, हे मला गुडघा खरचटल्यावर समजावून सांगितलं गेलं. त्या वर्षी मला ज्यानं तारलं त्यात नवऱ्याचा वाटा किती आणि या ‘चालू दे’चा किती, हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही.

आता फायनलची गोष्ट. आमच्या भागातल्या हौशी क्लबांचा एक कप आहे. टीव्हीवरच्या मोठ्या कपाशी त्याचा काही संबंध नाही, पण इथल्या गावांना तोच मोठा. मे महिन्यात फायनल असते आणि त्या दिवशी गावंच्या गावं सायकलींवरून मैदानाकडे निघतात. त्या फायनलची शिट्टी माणसाला आयुष्यात एकदाच मिळते, तीही जो त्या मोसमानंतर शिट्टी खाली ठेवणार असं जाहीर करतो त्यालाच. नाव समिती ठरवते, पण कळवत नाही. आदल्या फायनलचा रेफरी स्वतः चेरीचा व्लाय, म्हणजे इकडचा तो ताटाएवढा, फळं भरून भाजलेला, वरून उघडा केकसारखा गोड पदार्थ, घेऊन नव्याच्या घरी जातो. नव्यानं तो कापायचा, आणि खाता खाता जुन्यानं आपली फायनल पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत सांगायची. तोवर सगळ्या जगाला माहीत असलं तरी कुणी अवाक्षर काढायचं नाही.

काकांना ही फायनल हवी होती. किती हवी होती हे ते बोलायचे नाहीत, पण दर मे महिन्यात फायनल बघून आले की त्यांना जेवण जायचं नाही. शिट्टी सोडतो म्हणायचं मात्र जिवावर यायचं. “जेवायला बसवतायत, पण म्हणतायत आधी दात काढून द्या,” असं म्हणायचे. शेवटी गुडघ्यांनी निकाल दिला. दोन हजार एकोणीसच्या हिवाळ्यात त्यांनी जाहीर केलं की हा शेवटचा मोसम.

मार्चच्या सुरुवातीचा रविवार होता, इथला कार्निव्हलचा सण नुकताच संपला होता. काका धावायला गेले होते आणि मी खाली काकूंकडे पोहे खायला. बेल वाजली. दारात एक उंच म्हातारे डच गृहस्थ, हातात भला मोठा खोका. गावातले निवृत्त पोस्टमन. त्यांनी फक्त “रेफरी?” एवढंच विचारलं. काकूंनी त्यांना आत बसवलं, पोहे दिले. ते पोहे खाऊन गप्प बसले. निरोप फक्त काकांनाच द्यायचा असल्यानं बिचाऱ्यांना काही बोलता येईना. आम्हा दोघींना व्लायची ही रीत तेव्हा ठाऊक नव्हती, आणि इकडे काकूंना त्या खोक्याची चिंता लागली.

“अगं, पाहुण्यानं आणलेलं पाहुण्याला नको का द्यायला?” असं म्हणून त्यांनी खोका उघडला आणि सुरी घेतली.

म्हाताऱ्यांनी घाबरून दोन्ही हात वर केले. काकूंना वाटलं, संकोच करतायत. “असू दे, असू दे, लाजू नका,” म्हणत त्यांनी चांगला जाडजूड तुकडा कापून त्यांच्या बशीत घातला. मग एक मला आणि एक शेजारच्या आजींना पाठवायला. म्हातारे खाली मान घालून खात राहिले.

तेवढ्यात काका आले. घामानं निथळत होते. त्यांनी आधी पोस्टमनना पाहिलं, मग टेबलावरचा व्लाय पाहिला, मग आमच्या बशा.

“अगं बाई,” ते हळूच म्हणाले, “माझी फायनल कापलीस की गं तू.”

काकूंच्या हातातली सुरी तशीच राहिली. पण पोस्टमन इतके खदखदून हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. उरलेला व्लाय पुढं सरकवून म्हणाले, “हाही कापायचाच आहे.” काकांनी तो कापला. मग म्हाताऱ्यांनी आपली फायनल सांगितली. माझं डच तेव्हा अगदी कच्चं होतं, मला त्यात एक कुत्रा मैदानात शिरला एवढंच कळलं. काका मात्र शाळकरी पोरासारखे हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होते. निघताना म्हाताऱ्यांनी आम्हा सगळ्यांशी हस्तांदोलन केलं. पुढच्या काही दिवसांत या देशात हस्तांदोलन बंद झालं.

मग सगळंच बंद झालं. शाळा, क्लब, कँटीन, मैदानाचं फाटक. आमचा ब्राबांट प्रांत तर करोनाच्या पहिल्याच लाटेत सापडला. एप्रिलमध्ये पोस्टमन गेले. अंत्यविधीला मोजक्याच लोकांना परवानगी होती, म्हणून फुटबॉलवाले गाडीच्या वाटेवर एकमेकांपासून लांब लांब उभे राहिले. काकाही त्यात उभे होते. घरी आल्यावर बराच वेळ त्यांनी बूटच काढले नाहीत.

एक दिवस पोळ्या लाटताना काकू एकदम म्हणाल्या, “मी कापला ना तो. रीत मोडली. म्हणून हे असं झालं.” मी काही बोलायच्या आत काकाच आतून म्हणाले, “त्या विषाणूला व्लायमधलं काय कळतंय? लाट तू.” पण त्यानंतर त्या घरात व्लाय कधी आला नाही.

फायनलच्या ठरल्या दिवशी सकाळी जिन्यात इस्त्रीचा वास आला. दुपारी मी खिडकीतून पाहिलं, तर काका मागच्या बागेत खुर्चीवर बसलेले. काळी चड्डी, काळा शर्ट, गुडघ्यापर्यंत मोजे, गळ्यात शिट्टी. नुसते बसले होते. काकू चहा घेऊन गेल्या तेव्हा घड्याळाकडे बघून म्हणाले, “हाफटाइमला घेतो.” काकू चहा घेऊन परत आत आल्या आणि ओट्याशी उभ्या राहिल्या. हाफटाइमला त्यांनी तो पुन्हा गरम करून नेला. मी त्या दिवशी खिडकी लावून घेतली. मला ते बघवेना.

समितीनं कळवलं, नेमणूक कायम आहे. पुढच्या वर्षीही फायनल झाली नाही. मधल्या काळात कधी पोरांचे सामने सुरू व्हायचे, कधी बंद पडायचे. रेफरी मिळेनासे झाले होते. क्लबवाले काकांना विनवायचे, शिट्टी सोडायचं मागं घ्या, निदान लहान पोरांचे सामने तरी बघा. काका म्हणायचे, “एकच सामना राहिलाय माझा. दिलं ते दिलं.” म्हणजे फायनल नाही आणि बाकीचेही सामने नाहीत. ज्याची वाट बघायची त्याच्यासाठी जे हातात होतं तेही गेलं, आणि हा माणूस रोज संध्याकाळी मास्क लावून उलटा चालतोय. संचारबंदी लागली तेव्हा घरातल्या बोळकांडीत उलटे चालायचे. वर आम्हाला पावलं ऐकू यायची, आणि खरं सांगते, त्या आवाजानं धीर यायचा.

एकवीसच्या हिवाळ्यात दोघांनाही करोना झाला. काकू सावरल्या. काका दवाखान्यात राहून आले ते श्वास तिथंच ठेवून आल्यासारखे. आमच्याकडे वर यायचे तर जिन्यात मध्येच थांबून भिंतीवरचं चित्र निरखायचे. त्या चित्रात एक पवनचक्की होती, ती त्यांनी आयुष्यभर पाहिली होती.

बावीसच्या वसंतात निर्बंध उठले आणि समितीचा फोन आला, “मे महिन्यात फायनल. नेमणूक तुमचीच. फक्त धावण्याची चाचणी द्या, ती सगळ्यांना असते.”

काकू म्हणाल्या, “मला बघवायचं नाही. तू जा गं.” म्हणून थर्मास घेऊन मी गेले. चाचणी घ्यायला समितीतला एक लठ्ठ, गोड माणूस होता, काकांचा जुना दोस्त. मैदानात ठेवलेल्या प्लास्टिकच्या दोन कोनांच्या मधे पळायचं, आणि पुढची घंटी वाजायच्या आत समोरच्या कोनापर्यंत पोचायचं. काका पहिल्यांदा झोकात पळाले. मग चेहरा राखेसारखा झाला. मी कोनाच्या रेषेवर उभी राहून मनातल्या मनात ‘चालू दे, चालू दे’ म्हणत होते. शेवटच्या फेरीत घंटी वाजली तेव्हा काका कोनाच्या अलीकडे होते. फार नाही, पण अलीकडे.

लठ्ठ माणूस चष्मा पुसायला लागला. “मला आत दिसलात,” तो म्हणाला. “पास लिहितो.”

काका गुडघ्यांवर हात टेकून उभे होते. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. “पोरी, तू लाइनवर होतीस. आत का बाहेर?”

मला आजही वाटतं, त्या क्षणी मला फुटबॉलमधलं काही कळत नसतं तर बरं झालं असतं. तो माणूस ‘पास’ लिहायला तयार होता, काकांना जन्मात दुसरं काही नको होतं, आणि विचारलं मला. पण त्यांच्याशी खोटं बोलणं मला जमण्यासारखं नव्हतं.

“बाहेर, काका.”

“शाब्बास,” ते म्हणाले, आणि मग दोस्ताकडे वळून, “ऐकलंस? दिलं ते दिलं.” थर्मासमधला चहा त्यांनी तिथंच गवतावर बसून प्यायला. परत येताना गाडीत मी रडले. ते रडले नाहीत, फक्त खिडकीची काच खाली करून बसले.

फायनल मग एका तरुण बाईला मिळाली. प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. पूर्वी काकांच्या सामन्यांना लाइन सांभाळायची. युट्रेख्टला मुख्याध्यापिका म्हणून निघाली होती, म्हणून शिट्टी सोडणार होती. पण निरोप कोण नेणार? आदल्या फायनलचे पोस्टमन आता नव्हते. समितीत कुणीतरी ईमेलचा विषय काढला. “ईमेलवर बारसं करतात का कधी?” असं म्हणून काकांनीच सांगितलं, मी जातो.

काकू भडकल्या. “ज्याच्या ताटात काही पडलं नाही त्यानंच वाढायला जायचं? तुम्हाला काही वाटतं का हो?”

“वाटतंय की,” काका म्हणाले. “पण तिचा काय दोष? तिला कुणीतरी सांगायलाच पाहिजे.” मग जरा थांबून म्हणाले, “बेकरीत तू ये बरोबर. चेरीचा कुठला चांगला ते तुला कळतं.” काकू बेकरीत गेल्या. पुढं त्या बाईच्या घरी मात्र आल्या नाहीत. काका गाडी चालवत होते आणि खोका माझ्या मांडीवर होता.

दार उघडल्यावर तिनं काकांना पाहिलं, खोका पाहिला आणि तोंडावर हात ठेवला. आम्ही स्वयंपाकघरात बसलो. तिनं व्लाय कापला, कॉफी ओतली, आणि रीतीप्रमाणे, आनंदाच्या भरात, विचारून गेली, “आता सांगा. तुमची फायनल कशी झाली?”

विचारलं आणि ती लालबुंद झाली. मी बशीकडे बघत राहिले.

“छान झाली,” काका म्हणाले. “एकही कार्ड काढावं लागलं नाही. कुणी वादसुद्धा घातला नाही.”

ती हसली नाही. खुर्ची पुढं ओढून तिनं टेबलावर दोन्ही हात ठेवले. “पहिल्यापासून सांगा,” ती म्हणाली.

काकांनी कॉफीचा एक घोट घेतला आणि सुरुवात केली. सकाळी पाऊस पडून गेला होता, गवत ओलं होतं. पाहुण्या संघाचा कर्णधार उद्धट होता, नाणेफेकीलाच कुरकुर करायला लागला. पहिल्या गोलला लाइनमननं झेंडा वर केला होता, पण काका जवळ होते, त्यांनी गोल दिला. अर्धं मैदान अंगावर धावून आलं तेव्हा काका काय म्हणाले ते त्यांनी तिला कोल्हापुरीत सांगितलं, आणि तिला ते पाठच होतं. हाफटाइमला चहा फार गोड होता. दुसऱ्या भागात एक पोरगं पेनल्टीसाठी मुद्दाम पडलं, त्याला त्यांनी हात धरून उठवलं आणि पळ म्हणाले. मग बरोबरीचा गोल. सावल्या लांबल्या, लोक सायकलींवर उभे राहून बघायला लागले. माझं डच आता चांगलं झालं होतं, मला शब्द न् शब्द कळत होता. त्या सगळ्या बोलण्यात काकांनी ‘असतं तर’ असं एकदाही म्हटलं नाही. त्यांना धाप लागत होती, पण ते थांबत नव्हते. तिच्या कॉफीवर साय धरली होती.

“शेवटचं मिनिट,” काका म्हणाले. “कॉर्नर. सगळे गोलसमोर. चेंडू आत आला.”

आणि ते गप्प झाले.

मग तिनं अगदी हळू विचारलं, “मग? कोण जिंकलं?”

“ते मला कसं माहीत असणार?” काका म्हणाले. “शिट्टी आता तुझ्याकडं आहे.”